खालचा ओटा

माझा बाप ज्या जागेवर बसला होता, ती जागा मालगुजाराच्या माणसांनी त्याच्यादेखत धुतली. बादलीवर बादली ओतून. ते पाणी मोरीतून खालच्या ओट्यावर आलं आणि तिथं उभ्या केलेल्या बापाच्याच पायांवरून गेलं.

देश स्वतंत्र झाला होता. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, गेली होती, मालगुजार मात्र जागच्या जागी. तलावाच्या पाळीवर, बांधावर, गावानं म्हाताऱ्यांसाठी बसायला ओटे बांधले. 'साऱ्या जातीच्या म्हाताऱ्यायसाठी,' अशी दवंडी पिटली. वरचा ओटा वडाच्या सावलीत, तलावाच्या वाऱ्याला. खालचा भर उन्हात, तो आम्हा महारांच्या आणि गोंडांच्या म्हाताऱ्यांचा. वरची मोरी खालच्यावर सुटलेली. त्या ओट्यांचे दगड मीच डोक्यावर वाहिले होते.

बापाचे गुडघे गेलेले, नजर अधू. त्यानं दवंडी खरी मानली. स्वच्छ धोतर नेसून गेला आणि सावली लागली तिथं बसला.

"कोणाले इचारून बसलास बे?" मालगुजारानं काठीनं त्याचं पागोटं पाडलं.

बाप हात जोडून खाली उतरला. जागा धुऊन झाली तरी त्याचे हात जोडलेलेच. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी पागोटं झटकून त्याच्या डोक्यावर ठेवलं, त्याला हाताला धरून परत वर नेलं आणि त्या ओल्या जागेवरच बसवलं.

मालगुजार हसला.

"पोरी, तुमच्या मोहल्ल्यातले छपरं तनसाचे हायेत. उन्हाळा हाय."

एवढंच बोलला. पलीकडच्या गावातली पेंढ्याची छपरं अशीच पेटली होती. कुणी पेटवली, ते कुणी विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मोहल्ल्यात कुणी चूल पेटवली नाही. "माफी मांगून ये, बाई," बाप म्हणाला. शेजारीपाजारीही तेच म्हणाले.

सकाळी मी आमच्या छपरावर चढले. धानाचं तणस उपसून खाली टाकू लागले.

"कायले पाडून राहिली वं?" बाप ओरडला.

"त्यायनं जाळायच्या आधी."

घर उघडं पडलं. बाकीची छपरं तशीच होती, आणि त्यांच्याखालची माणसं माझ्याकडे भेदरून बघत होती. भीती मलाही होती. तरी बापाचा हात धरला आणि पाळीकडे निघाले. गाव जळो, मी जळो. माझा बाप खाली बसणार नाही.