आक्कांचा निळा जाळ

फोन आला तेव्हा मी गोबरगॅसच्या हौदात शेण कालवत होते. सोलापूरच्या दवाखान्यातून थोरले भाऊजी बोलत होते. "ती गेली," एवढंच म्हणाले. मला काही सुचेना, मी आपली शेण कालवतच राहिले… महिना उलटला, तरी जिवाला थारा नाही.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. येरमाळ्याजवळच्या या घरात मी नवी नवरी म्हणून आले, तेव्हा त्या चुलीपुढं तुराट्या सारत, डोळे पुसत बसल्या होत्या. त्यांच्या खोकल्याला घरात कुणी दुखणं म्हणतच नव्हतं. पुढं डॉक्टरांनी विचारलं, विडी ओढता का? आक्का हसल्या. मला मात्र असा संताप आला! विडी कसली, चुलीचाच धूर होता तो. धूर बंद करा, नाहीतर छाती साथ देणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. सिलिंडर होता, पण पाहुण्यांच्या चहापुरता. गोठा भरलेला, शेणाला तोटा नाही. मग आक्कांनी गोबरगॅसचा हट्टच धरला आणि पुरा करून घेतला. भांडी काळी होईनात, टाकीतून निघालेला शेणकाला खत म्हणून भाजीच्या वाफ्याला घातला तर वांगी अशी लगडली की शेजारणी बघायला आल्या.

पण सासूबाई अडून बसल्या. शेणाच्या गॅसवर येडाईदेवीचा निवद शिजायचा नाही म्हणाल्या. मंगळवार, शुक्रवार, पुनव… निवदाचे दिवस काय थोडे असतात? चूल काही विझेना, खोकलाही हटेना. सासूला कधी उलट न बोललेल्या आक्का एकदा देवघर सारवता सारवता थांबल्या.

"आत्याबाई, शेणानं सारवल्याबिगर आपण देव मांडत न्हाय. मग शेणाच्या जाळाचा इटाळ कसा व्हतो?"

त्या शुक्रवारी पुरण शेगडीवर शिजलं. पण चुलीनं तोवर आक्कांची छाती खाल्ली होती. थोडं आधी का नाही सुचलं आम्हाला कुणाला? हा प्रश्न मला बसू देत नाही.

तेराव्याला भावकीनं अंगणात मोठी चूल मांडली. धूर घरभर. आक्कांचं पानही तिथूनच वाढायला निघाले, तशा आत्याबाई काठी टेकत उठल्या.

"तिचं पान आत करा, गॅसवर. तिला धूर सोसत न्हाय."

मग स्वतःच शेगडीपाशी आक्कांच्या पाटावर बसल्या, निळ्या जाळाकडं बघत. मी पुरण घोटत होते. इतकी वर्षं आत्याबाईंवर मनात साठवलेला राग आता कुणावर काढू, कळेना.