नालोंगोच्या कामाचा रकाना

पेरुसी हे तिचं नाव नवऱ्यालाही आता आठवत नसेल. जुळी झाली त्या दिवसापासून सगळ्या मसाका गावात ती नालोंगो, म्हणजे जुळ्यांची आई. लोक तिला आधी वाट देतात, बाजारात केळीवाली चार केळी जास्तीची घालते. त्यामुळे अर्जात 'काम' असा रकाना आला तेव्हा तिने तेच लिहिलं. दुसरं काय लिहिणार?

बालकल्याण कार्यालयातला कारकून ते वाचून हसला.

"हे काय काम झालं? पगार कोण देतं?"

"पगार नाही, साहेब."

"मग काम नाही." त्याने तिच्या शब्दावर रेघ मारून वर लिहिलं, 'काही नाही'. "बिनकामाच्या बाईच्या ताब्यात पोर देत नसतात. काकाचाही अर्ज आलाय. त्याचं दुकान आहे."

पोर म्हणजे नालोंगोच्या मेलेल्या बहिणीची मुलगी. बाप आधीच गेलेला. या घडीला ती नालोंगोच्या पाठीवर कापडात बांधलेली, गाढ झोपेत होती. काकाने तिला कधी उचलून घेतलं नव्हतं. त्याला पोर नको होती, तिच्या आईची केळीची बाग हवी होती.

नालोंगोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहाटेचं पाणी, पानात बांधून वाफवलेली केळी, सात पोरांची दुखणीखुपणी, वर बहिणीचं शेवटचं आजारपण. ते सगळं या इस्त्रीच्या शर्टाने दोन शब्दांत पुसलं आणि वर दात काढले. मला विचाराल तर त्या दात काढण्याचाच राग जास्त.

ती उठणार, तोच त्याच्या छातीवरच्या नावाच्या पट्टीकडे तिचं लक्ष गेलं. किझ्झा. हे नाव कुणी हौसेने ठेवत नाही. जुळ्यांच्या पाठीवर होणाऱ्या मुलालाच ते मिळतं.

ती परत बसली. अहोजाहो संपलं होतं.

"तुझ्या आधी जुळी झाली ना रे?"

"हो. त्याचा इथे काय संबंध?"

"आईला गावात काय म्हणतात?"

रांगेतल्या बायका कान टवकारून होत्या. "नालोंगो," तो पुटपुटला.

"पगार मिळायचा तिला?"

"नाही."

"मग तिच्याही कागदावर लिही, काम काही नाही. घरी जाऊन तिला वाचून दाखव आणि मग तिच्या हातचं जेव."

"वाढलं तर जेवेल," मागून एक जण म्हणाली.

किझ्झाने नवा अर्ज काढला. कामाच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं, 'मुलं वाढवते'. शिक्का मारला. मान वर न करता म्हणाला, "निकाल लागेपर्यंत पोर तुमच्याकडेच राहील, नालोंगो."

तिने पाठीवरच्या कापडाची गाठ आवळली.

"राहीलच," ती म्हणाली. "तू लिहिलंस म्हणून नाही."