दुसरी निवड

लुमीर कोवारिक आमच्या बेसबॉल संघाचा स्काउट होता. नेब्रास्का, कॅन्सस आणि आयोवा ही तीन राज्यं त्याच्याकडे होती. शाळा-कॉलेजांच्या मैदानांवर पत्र्याच्या बाकांवर बसून पोरं पाहायची, त्यांच्याबद्दल लिहायचं आणि जुलैतल्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे सगळे संघ फेरीमागून फेरी ओळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा, आपण कोणाला घ्यावं ते वरच्यांना सांगायचं. फेरी जितकी पुढची, तितके पोराला पैसे कमी. एकतीस वर्षं त्याने हेच केलं. त्याच्या सांगण्यावरून घेतलेले चार जण मोठ्या संघापर्यंत पोचले. या धंद्यात चार हा चांगला आकडा आहे.

मी त्याच संघाच्या कचेरीत करारांचे कागद बघतो. लुमीरचे दौऱ्याचे कागद माझ्याकडे यायचे, त्यामुळे दर शुक्रवारी त्याचा फोन असायचा. काम दोन मिनिटांचं, बोलणं अर्ध्या तासाचं. प्रत्येक पोरासाठी त्याच्याकडे एक पुठ्ठ्याचं कार्ड असे. पुढच्या बाजूला खेळ, मागच्या बाजूला घर. आई कुठे काम करते, बाप सामन्यात ओरडतो की गप्प बसतो, हरल्यावर पोरगा कोणाच्या गाडीतून परत जातो. घरच्यांना खोटं सांगायचं नाही, हा त्याचा एकच नियम होता. त्याचं कारणही तो साधंच सांगायचा. "मला त्याच रस्त्याने परत यायचं असतं."

कोल्बी व्होंड्राचं कार्ड दोन्ही बाजूंनी भरून दुसरं जोडावं लागलं होतं. प्लॅट नदीजवळच्या एका लहान गावातला हा उंच, अबोल पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा. बाप आर्लन कापणीची यंत्रं दुरुस्त करतो, आई जनेल दातांच्या दवाखान्यात काम करते. हिवाळ्यात बाकीच्या संघांचे स्काउट टेक्सास आणि फ्लोरिडाच्या उन्हात बसलेले असतात. नेब्रास्कात तेव्हा मैदानावर गुडघाभर बर्फ असतो. कोल्बी बापाच्या पत्र्याच्या शेडमध्ये गॅसची शेगडी लावून चेंडू टाकायचा. आर्लन उलट्या बादलीवर बसून ते झेलायचा. शेजारी दुसरी बादली लुमीरसाठी. वेग मोजायचं यंत्र त्या शेडमध्ये भलतेच आकडे दाखवायचं म्हणून लुमीर ते बंद करून हातमोज्यात चेंडू बसतानाचा आवाज ऐकत बसायचा. असे तीन हिवाळे गेले.

स्काउटांचा आमचा प्रमुख ब्रॅडन केसलर. वय चौतीस. खेळाडू तो पडद्यावर बघतो. ऑक्टोबरमध्ये त्याने लुमीरला फोन केला.

"दुसरी निवड तुझी. व्होंड्राला घ्यायचं ठरलंय."

"नक्की?"

"नक्की. पण नोव्हेंबरात त्याला कॉलेजच्या कागदावर सही करू देऊ नकोस. एकदा कॉलेजचा झाला की उगाच गुंता."

लुमीर दुसऱ्या दिवशी चार तास गाडी चालवून व्होंड्रांकडे गेला. जनेलने चिली, म्हणजे मांस आणि राजम्याची तिखट आमटी, आणि दालचिनीचे गोड सिनेमन रोल वाढले होते. कॉलेजचा कागद तिथेच फ्रिजवर चुंबकाने लावलेला होता. चार वर्षांचं शिक्षण, निम्म्याहून जास्त फी माफ.

"सही नाही केली तर ही जागा राहते का?" जनेलने विचारलं.

"नाही. कोच दुसरा पोरगा बघेल."

"आणि तुमचा संघ?"

"दुसऱ्या निवडीत घेणार आहे. मला तसं सांगितलंय."

आर्लन म्हणाला, "तुला सांगितलंय, की तू सांगतोयस?"

"मी सांगतोय," लुमीर म्हणाला.

कोल्बीने सही केली नाही. आठवड्याभरात कॉलेजने ती जागा आयोवाच्या एका पोराला दिली.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या कचेरीत केक आला. वर निळ्या साखरेत सत्तावीस हा आकडा, नव्या खेळाडूच्या पाठीवरचा नंबर. पस्तीस वर्षांचा एक नामांकित फलंदाज आम्ही तीन वर्षांसाठी घेतला होता. खाली पत्रकारांसमोर मालकांनी त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली आणि "आम्हाला आत्ता जिंकायचंय" असं तीनदा सांगितलं. फलंदाज हसत होता. त्याचा उजवा गुडघा दोनदा कापलेला आहे, हे डॉक्टरांच्या कागदात होतं. तो कागद मीच फाइलला लावला होता.

नियम असा आहे. खेळाडूला त्याच्या जुन्या संघाने एका वर्षाची ठरावीक रक्कम देऊ केली, त्याने ती नाकारली आणि तो दुसरीकडे गेला, तर त्याला घेणाऱ्या संघाला ड्राफ्टमधली एक निवड सोडावी लागते. आमच्यासारख्या संघाची दुसरी निवड जाते. तिच्याबरोबर नव्या पोरांना द्यायच्या एकूण रकमेतला तेवढा वाटाही कापला जातो. या माणसाने नोव्हेंबरात ती रक्कम नाकारली होती, आणि आमचे लोक त्याच्याशी ऑक्टोबर संपल्यापासूनच, म्हणजे कोल्बीच्या सहीची वेळ यायच्या आधीपासून, बोलत होते. कागदांवर तारखा होत्या. केकची बशी माझ्या हातात होती. मी ती तशीच टेबलावर ठेवली आणि रुमालाने हात पुसत राहिलो, हाताला काही लागलं नव्हतं तरी.

लुमीरला ही बातमी गाडीतल्या रेडिओवर कळली. त्याने आधी मला फोन केला.

"त्याला ऑफर होती ना? नाकारलेली?"

"हो."

"म्हणजे दुसरी गेली."

"गेली."

मागे वायपर फिरण्याचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "हा नियम मी नवीन पोरांना शिकवतो, माहितीये? मला येतो तो. मी विचारलंच नाही, तुम्ही कोणाला घेताय म्हणून."

"विचारलं असतंस तरी कोणी सांगितलं नसतं."

"पण मी विचारलं नाही."

मग त्याने केसलरला फोन केला. ते बोलणं त्याने मला शुक्रवारी शब्दाला शब्द सांगितलं, आणि सांगताना त्याचा आवाज जराही चढला नाही.

"अरे, काळजी कशाला करतोस," केसलर म्हणाला होता. "पोरगा आपलाच आहे. दहाव्या फेरीत घेऊ."

"दहाव्या फेरीच्या पैशात तो येणार नाही."

"येईल. दुसरं काय करणार? कॉलेज कुठाय त्याला?"

"ते तूच सोडायला लावलंस."

"मग? आता आपल्याला स्वस्तात पडतोय. खरं सांगायचं तर हे आणखी बरं झालं. शाबास, लुमीर."

त्या शाबासकीची किळस लुमीरच्या अंगावरून बरेच दिवस गेली नाही. घरी जाऊन हात धुतले, असं तो मला म्हणाला. मी हसलो नाही, कारण माझंही तसंच झालं होतं. एका घराला तीन वर्षं विश्वास वाटावा म्हणून एक माणूस बर्फातून जातो, आणि त्याच विश्वासाचा उपयोग करून त्या घरातल्या पोराचा भाव पाडायचा. आणि हे सगळं नियमात बसतं. मी पुस्तक काढून दोनदा पाहिलं, बसतं.

शनिवारी लुमीर व्होंड्रांकडे गेला. शेडमध्ये शेगडी चालू होती. त्याने उभ्यानेच सगळं सांगितलं. कोणाला घेतलं, त्यामुळे काय गेलं, केसलर काय म्हणाला. स्वतःला त्याने कुठेही वगळलं नाही.

आर्लन म्हणाला, "तुला तो नियम माहीत होता."

"होता."

"मग तू माझ्या टेबलाशी बसून काय खात होतास?"

आर्लनने दुसरी बादली पायाने सरळ केली, तिच्यात नटबोल्ट टाकले आणि ती कपाटाखाली सरकवली.

कोल्बीनेच विचारलं, "मिस्टर कोवारिक, आता मी काय करू?"

"दोन वर्षांच्या कॉलेजात जा. चार वर्षांच्या कॉलेजात गेलास तर तीन वर्षं तुला कोणी घेऊ शकत नाही. दोन वर्षांच्या कॉलेजातून दर उन्हाळ्यात ड्राफ्टमध्ये येता येतं. आणि हातात कॉलेज असलं की नाही म्हणता येतं. कॅन्ससमध्ये माझ्या ओळखीचा एक कोच आहे. मी त्याला फोन केलाय. तुम्ही त्याला स्वतः विचारा, माझ्या शब्दावर जाऊ नका."

"यावेळी नाहीच जाणार," जनेल दारातून म्हणाली. तिने त्याला आत बोलावलं नाही.

त्यांनी कोचला स्वतः फोन केला, दोनदा जाऊन बघून आले, आणि मार्चमध्ये कोल्बीने तिथे सही केली.

मे महिन्यात प्रत्येक स्काउटला एक तक्ता भरून द्यावा लागतो. पोरगा किती पैशांवर सही करेल, याचा त्यात एक रकाना असतो. लुमीरने कोल्बीच्या रकान्यात दुसऱ्या निवडीची पूर्ण रक्कम लिहिली आणि खाली लिहिलं: याहून कमी असल्यास कॉलेजला जाईल, जावं, असं माझंही मत आहे. तो तक्ता केसलरच्या टेबलावरून माझ्याकडे आला तेव्हा त्याच्यासोबत एक चिठ्ठी होती. लुमीरचा करार ऑक्टोबरनंतर वाढवायचा नाही. चिठ्ठी फाइलला लावणं माझं काम होतं, मी लावली. या नोकरीत मी पुष्कळ घाण कागद हाताळले आहेत. हा त्यातला सगळ्यात नीट टाइप केलेला होता.

सत्तावीस नंबर तोपर्यंत गुडघा धरून बाकावर बसला होता. सरासरी जेमतेम दोनशे, म्हणजे दहा वेळा खेळून दोनच फटके, आणि आता सहा आठवडे विश्रांती. कचेरीत कोणी त्याचं नाव काढत नव्हतं.

ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी दुपारी लुमीर व्होंड्रांकडे होता. त्याला बोलावलं नव्हतं. कोचने पाठवलेले वसतिगृहाचे कागद द्यायला गेलो होतो, असं तो म्हणाला. ते टपालानेही गेले असते. जनेल म्हणाली, "बसा, असे उभे राहू नका दारात." जुलैच्या उकाड्यात तिने चिली केली होती, कारण कोल्बीला तीच लागते. कोल्बी स्वतः शाळेच्या मैदानाचं गवत कापायला गेला होता. फोन ठेवून जा, असं बापाने त्याला सांगितलं होतं.

दहावी फेरी जवळ आली तसा तो फोन वाजला. आर्लनने उचलला. पलीकडे केसलर होता. त्याने रक्कम सांगितली.

"नाही," आर्लन म्हणाला.

पलीकडून काहीतरी लांबलचक आलं.

"ते तुम्ही डिसेंबरात बोलायला हवं होतं," आर्लन म्हणाला आणि त्याने फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

मिनिटभरात लुमीरचा फोन वाजला.

"तुझ्या पोराने फोन ठेवला," केसलर म्हणाला.

"त्याच्या बापाने ठेवला."

"तुला कसं माहीत? तू तिथेच आहेस का?"

जनेलने सिनेमन रोलची थाळी त्याच्यासमोर सरकवली होती. लुमीरने एक उचलला.

"हो," तो म्हणाला. "जेवतोय."