पांढऱ्या उंदराचं रक्त आणि मिस गुप्ते

साहेबांनी टेस्ट ट्यूब खिडकीच्या उजेडात धरली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मिस गुप्ते, मुंबईच्या शास्त्रज्ञांच्या सभेत निबंध तुम्हीच वाचा."

लढाईचे दिवस होते. लोणावळ्यात एका बंगल्यात आमची छोटी लॅब होती. साहेब तिचे प्रमुख, मी तिथला जुना केमिस्ट. मिस गुप्ते नुकतीच आलेली.

काम असं होतं. आमच्याकडे उंदरांच्या दोन जाती होत्या, पांढरी आणि काळी. पांढऱ्याच्या रक्तपेशी सशाला टोचल्या की सशाच्या रक्तात त्यांच्याविरुद्ध द्रव्य तयार होतं. त्या रक्तावरचं पिवळसर पाणी म्हणजे सिरम. काळ्याच्या पेशींशीही जुळणारा भाग त्यातून काढून टाकला, की उरलेलं सिरम फक्त पांढऱ्याच्या पेशींच्या गुठळ्या करतं. म्हणजे पांढऱ्याच्या पेशींवर काहीतरी वेगळं आहे. ते कशाचं बनलंय, एवढंच शोधायचं होतं.

मी पांढऱ्याच्या पेशी फोडून उरलेली, वरची टरफलं उकळली. एरवी ती सिरममध्ये घातली की त्यातलं द्रव्य त्यांनाच चिकटून संपतं; सिरम निकामी होतं, पेशींच्या गुठळ्या होत नाहीत. उकळल्यावर तो गुण गेला. म्हणून मी म्हणत होतो, प्रोटीन. मिस गुप्तेने टरफलं अल्कोहोलमध्ये भिजवली आणि त्या अर्काने सिरम निकामी केलं. ती म्हणाली, स्निग्ध पदार्थ. साहेबांनी तिचं मानलं आणि मुंबईचा निबंध तिला दिला.

मला जेवण जाईना. तिचं हसणं, तिचं ते "सर, जरा बघता का?", सगळं डोक्यात जायचं. साहेब तिच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसत. माझ्या टेबलाशी ते कधी बसले नव्हते.

मग मला सुचलं, की अर्कात अल्कोहोल उरलं असेल तर? सिरम त्यानेच बिघडलं असेल! तपासणं सोपं होतं. काळ्या उंदराचा तसाच अर्क करायचा. त्याने काही व्हायला नको. याला कंट्रोल म्हणतात.

काळ्याच्या अर्कानेही सिरम निकामी झालं.

उंदरांची देखभाल करणाऱ्या, वलवणच्या भागूमावशी दारात थांबल्या. "भाऊ, आज लय शीळ घालताय. घरी बाळ झालं व्हय?"

"नाही मावशी. पण तसंच काहीतरी."

साहेबांसमोर मी ट्यूब मांडल्या. मिस गुप्तेचा चेहरा उतरला. तिने एकेक ट्यूब उजेडात धरून पाहिली. मग म्हणाली, "बरोबर आहे. अल्कोहोल पूर्ण उडवून पुन्हा करते."

तिने केलं. आता दोन्ही अर्कांनी सिरमला काहीच केलं नाही. स्निग्ध पदार्थ संपला. त्या दिवशी मी दोनदा जेवलो.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली. "तुमची उकळलेली टरफलं आहेत का? उकळल्यावर त्यांचा गोळा होतो ना? मग आतलं सिरमला भेटणार कसं?"

"प्रोटीन उकळलं की मरतं, मिस गुप्ते."

"असेलही. वाटून बघू?"

नाही म्हणायला कारण सापडेना. तिने गोळा खलात बारीक वाटला. काळ्याचाही वाटला, माझाच कंट्रोल. काळ्याने काही केलं नाही. पांढऱ्याने सिरम निकामी केलं. पदार्थ मेला नव्हता, गोळ्यात अडकला होता.

साहेब म्हणाले, "म्हणजे स्निग्ध नाही आणि प्रोटीन म्हणायलाही आधार नाही. छान. तुम्ही दोघांनी मिळून काय सिद्ध केलंत?"

"काय नाही ते, सर," मिस गुप्ते म्हणाली.

मुंबईला तीच गेली. आमचं दोघांचंही कसं चुकलं, हेच तिने वाचलं. सभेत सगळ्यात जास्त वाखाणणी झाली ती काळ्या उंदराच्या कंट्रोलची. परत आल्यावर तिने सांगितलं, "मी स्पष्ट म्हटलं, ही कल्पना तुमची."

मी आभार मानले. पण टाळ्या तिने ऐकल्या, मी नाही, हे पुढे कितीतरी दिवस सलत राहिलं.

नव्या पोरांना मी एवढंच सांगतो. दुसऱ्याचं काम पाडायला कंट्रोल लावाल, तर आधी तो आपल्या कामाला लावून बघा. नाहीतर दुसरा लावतो, आणि तो तुमच्यापेक्षा नीट लावतो.