पुलावर फोटो काढण्यास मनाई

१९४८ च्या पावसाळ्याअखेर आमच्या सेक्शनला हिंगोलीच्या अलीकडच्या रेल्वे पुलावर ड्यूटी लागली. पोलीस अ‍ॅक्शन होऊन महिना झाला होता. हैदराबाद संस्थान शरण आले होते, पण हत्यारे घेऊन पळालेल्या टोळ्या अजून रानात होत्या. पुलाजवळ अनोळखी माणूस दिसला की धरायचा, आणि पुलाचा फोटो कोणालाही काढू द्यायचा नाही, असा हुकूम होता.

मी तेव्हा सिपाही होतो. फौज सुटल्यावर आता कॉलेजात शिकतो आहे. आमचे घर गोरेगावकडचे, मेंढरे राखणारे. घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच. वर्गातली मुले लढाईच्या गोष्टी विचारतात. लढाई मी फारशी पाहिली नाही. जे पाहिले ते नीट सांगता येईल की नाही, तेही ठाऊक नाही. प्रयत्न करतो.

सेक्शन कमांडर नाईक शेलार. साताऱ्याकडचे, कडक पण सरळ. माझा जोडीदार सिपाही दगडू साबळे, तोही तिकडचाच. पूल अरुंद होता, कठडा नव्हता. मधून मधून खांबांवर बाजूला लोखंडी ओटे होते. एक सेंट्री पुलाच्या मध्यावर उभा असे. वळणावर ड्रायव्हर शिट्टी देई. शिट्टी ऐकली की सेंट्रीने जवळच्या ओट्यावर सरकायचे, गाडी जाऊ द्यायची आणि पुन्हा जागेवर यायचे. रोजचे काम एवढेच.

एके दिवशी दुपारी बाभळीआड एक माणूस सापडला. धोतर, कोट, गळ्यात उपरणे आणि हातात पेटीसारखा कॅमेरा. नाईकांनी त्याला तंबूपुढे आणून बसवले.

“नाव?”

“माधवराव देशमुख. शिरड शहापूर.”

“इथं काय काम?”

“गाडीची वाट पाहून राहिलो. इंजिनचा फोटू काढायचा आहे.”

नाईक माझ्याकडे वळले. ते मला गावाच्या नावानेच हाक मारत. “गोरेगाव, तुझ्या मुलखाचा हाय. विचार नीट.”

मी विचारत गेलो. घरी जमीन बरी होती. वडिलांनी हैदराबादहून कॅमेरा आणला होता. तेव्हापासून, म्हणजे दहाबारा वर्षे, हे गृहस्थ इंजिनांचे फोटो काढत होते. गावात त्यांना वेडे म्हणत. मला नवल वाटले. आमच्याकडे फोटो काढायचा तो लग्नाचा, नाहीतर म्हाताऱ्या माणसाचा, मागे आठवण राहावी म्हणून. इंजिनाचा फोटो कोणी कशाला काढील?

“पण मग पुलापाशीच काहून?” मी विचारले.

“पुलावर गाडी हळू होते. ह्या पेटीत पळतं इंजिन नुसतं धुरकट येतं. हिंगोलीच्या ठेसनात इंजिन उभं राहते, पण तिथं तुमचे लोक उभे राहू देत न्हाईत.”

दगडूची ड्यूटी सुरू व्हायची होती. तो कॅमेऱ्याच्या काचेत डोकावून पाहत होता.

“देशमुख, बायकोचा काढलाय का कधी?”

“काढला. ती हालते.”

दगडू मोठ्याने हसला. नाईकही हसले असते, पण त्यांनी मिशीवर हात फिरवला आणि फील्ड टेलिफोन उचलला. आमच्या वरचे जमादारसाहेब हिंगोली स्टेशनवर होते. तिकडून हुकूम आला की माणूस ठेवून घ्या, परतीच्या गाडीने चौकशीसाठी पूर्ण्याला पाठवा. आम्ही आधी पाठवलेल्या दोघांची खबर त्यांच्या घरी अजून पोचली नव्हती, हे देशमुखांना माहीत असावे. त्यांचा चेहरा उतरला. घरी एवढे कळवा, असे ते मला हळूच म्हणाले. त्यांच्याच उपरण्याने त्यांचे हात बांधले. दगडू रायफल घेऊन पुलावर गेला.

नदीला पाणी होते आणि त्याचा आवाज मोठा होता. थोड्या वेळाने पलीकडच्या रानावर धूर दिसला. देशमुख मान उंच करून त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आज इंजिन उलटं येऊन राहिलं.”

नाईक गर्रकन वळले. “तुला कसं ठाऊक?”

“धूर पाहा. डब्यांना लागून निघून राहिला. म्हणजे टेंडर, कोळशाचा डबा, पुढं आहे.”

मी पाहिले. मला धूर तेवढा दिसला.

आज गाडी वेगळ्या तऱ्हेने येते हे आम्हाला कळवलेले नव्हते. ते ह्या माणसाला कळले, म्हणजे कोणीतरी कळवले असणार आणि टोळी जवळच दबा धरून असणार. नाईकांनी तसाच विचार केला. त्यांच्या जागी दुसऱ्या कोणी वेगळा केला असता, असे मला वाटत नाही. त्यांनी मोर्चा धरण्याचा हुकूम दिला, “स्टँड टू!”

आम्ही बांधावर पोझिशन घेतली. पुलावर दगडूने हुकूम ऐकला. तो रुळांत पालथा झाला आणि रायफल नदीच्या वरच्या अंगाला, झाडीकडे रोखली. शिकवले होते तसेच.

देशमुख उठून उभे राहिले. “अहो, त्याले रुळावरून बाजूला घ्या. पुढं कोळशाचा ढीग आहे, डायवरला माणूस दिसायचा न्हाई.”

“बस खाली.”

“नाईकसाहेब, मला पूर्ण्याला न्या, कुठं बी न्या. पहिलं त्याले उठवा.”

नाईकांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. मग मला म्हणाले, “गोरेगाव, पळ.”

मी हाका मारत पळालो. वळणावर शिट्टी झाली नाही. ड्रायव्हरला शिट्टीची पाटी दिसली नसावी, असे पुढे चौकशीत निघाले. उतार म्हणून त्याने वाफ बंद केली होती. गाडी सावकाश, जवळजवळ मुकाट पुलावर आली. माझी हाक दगडूला ऐकू गेली. तो उठला, ओट्याकडे निघाला. दोन स्लीपरांमध्ये त्याचा बूट अडकला. टेंडरचा धक्का त्याला कमरेत बसला.

गाडी पुलापलीकडे थांबली. दगडूला आम्ही तंबूत आणले. त्याने पाणी मागितले. ते पिण्याआधीच तो गेला.

जमादारसाहेब ट्रॉलीने आले. त्यांनी देशमुखांना धुराबद्दल पुन्हा पुन्हा विचारले, ड्रायव्हरलाही विचारले. मग स्वतः उपरणे सोडले आणि घरी जायला सांगितले. रोल काढून घेतला, कॅमेरा परत दिला.

देशमुख गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी नदीकाठी दगडूला अग्नी दिला, तेव्हा त्यांनी शिरडहून बैलगाडीभर लाकूड आणवले होते. सलामी झाली. लोक पांगले. ते माझ्याजवळ आले.

“मी बाभळीतून रोज पुलाकडं पाहत होतो,” ते म्हणाले. “गाडी यायच्या आधी तिथं एक जवान उभा असायचा. माणूस हटला की फोटू चांगला येईल, एवढंच मनात यायचं. कसा होता तो?”

मी सांगितले. सिपाही दगडू साबळे. उंचीने बेताचा, सावळा. उजव्या भुवईवर लहानपणची खोक. चालताना डावा खांदा जरा खाली. लग्न ठरलेले होते. हसला की वरच्या पडलेल्या दाताची फट दिसायची.

ते ऐकत होते. मी थांबलो तेव्हा म्हणाले, “अजून सांगा.”