जास्तीची टोचणी

साताऱ्यात असताना मराठीचं मला काडीचं कौतुक नव्हतं. चेन्नईत आल्यापासून मात्र कुणी मराठी बोललं की मी विरघळते. त्या विरघळण्याची किंमत एका चार वर्षांच्या मुलीने मोजली.

इथल्या एका इस्पितळात मी मुलांच्या कॅन्सरवरच्या संशोधनाचं काम बघते. मूत्रपिंडाच्या कॅन्सरचं औषध लहान मुलांच्या रक्तात किती वेळ टिकतं हे आम्ही मोजतो, म्हणजे पुढच्या मुलांना नेमका डोस देता येईल. त्यासाठी औषध चढवल्यावर तासाभराने दुसऱ्या हातातून रक्त घेतात. ही टोचणी संशोधनापुरती, उपचाराची नव्हे. म्हणून संमतीपत्राची एकेक ओळ वाचून दाखवायची, काय कळलं ते आईबापांकडून वदवून घ्यायचं आणि मगच सही. हा नियम कामावर येणाऱ्या नव्या मुलींना मीच शिकवते.

ती मुलगी तंजावरहून आली, एक मूत्रपिंड काढून टाकल्यावर. माझं आडनाव वाचून तिच्या आईने विचारलं, "तुम्ही मराठी काय हो?" पिढ्यान्‌पिढ्या तिकडे राहिलेलं मराठी घर. मला कोण आनंद झाला! अर्धा तास आम्ही पुरणपोळीवर बोललो. तमिळमधलं संमतीपत्र तिला वाचता येत होतं, पण आपलं माणूस समोर असताना कागद कोण वाचतो? "मी आहे ना," म्हटलं मी. तिने सही केली. कधीही नको म्हणता येतं, त्याने उपचार थांबत नाहीत, ही ओळ मी वाचलीच नाही. वर स्वतःची पाठ थोपटून घेतली.

पुढे मला पाहिलं की मुलगी मोकळा हात फ्रॉकखाली लपवायची. लेकीला तिकडच्या रीतीने "पापा, पापा" म्हणत आई तो ओढून पुढे करायची. मला सगळं दिसत होतं आणि मी मिठाची गुळणी धरून बसले होते. दर महिन्याला नमुना वेळेवर मिळत होता ना!

सहाव्या खेपेला मुलगी रडून रडून ओकली. आईने हळूच विचारलं, "हे एक टोचणं नको म्हटलं तर पापाचं औषध बंद करतील काय हो?"

"नाही. पहिल्या दिवसापासून नको म्हणता आलं असतं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तसं असतं तर तुम्हीच सांगितलं असतं, असं वाटलं मला."

लाज वाटली, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी संशोधनातून नाव काढण्याच्या अर्जावर कारण लिहायची वेळ आली तेव्हा मी लिहिलं, "पालकांची वैयक्तिक अडचण."

संशोधनाच्या प्रमुख डॉक्टरबाईंनी तो वाचला. "या आया शेवटपर्यंत टिकत नाहीत," त्या म्हणाल्या.

मी मान डोलावली.