मधल्या फळीवरचा दुपट्टा

जिवंत माणसांपेक्षा बुडालेल्यांवर ज्यांचा जास्त हुकूम चालतो, असे गृहस्थ अख्ख्या आर्णी तालुक्यात एकच असतील, आणि ते माझ्या आईचे काका आहेत. आम्ही त्यांना नानाजी म्हणतो. आमच्या गावापुढे धरणाचं पाणी पसरलंय आणि जुनं गाव त्याच पाण्याखाली आहे. आर्णीची बस पलीकडच्या रस्त्यावर मिळते, तिथवर जायला एक लाकडी नाव. कुठंच जायचं नसलं तरी नानाजी रोज त्या नावेत असतात. नाव खोल पाण्यावर आली की शांतपणे सांगू लागतात, "आता सोनाराच्या घरावरून चाललो. आता मारुतीचं देऊळ. हात पान्यात सोडू नोका, कोनी धरीन." नावेत एखादी नवी सून असली तर ती डोळे गच्च मिटून घेते.

नावेच्या मधल्या फळीवर ते आपला दुपट्टा पसरतात. मग तिथं कुणी बसायचं नाही. त्यांचा धाकटा भाऊ बाजाराच्या दिवशी खच्चून भरलेल्या नावेतून परत येताना बुडाला, तो सापडलाच नाही. नानाजींच्या मते तो आणि त्याच्यासोबत गेलेले अजून ये-जा करतात, त्यांना जागा लागते. एकदा टोपली घेऊन उभी असलेली भाजीवाली वैतागली, "नानाजी, तुमच्या भावाले म्हना ना जरासा सरक!"

"म्हनतो न. पन मंग तो तुह्या मांडीवर बसन."

ती टोपलीसकट उतरली.

मला वाटतं, हे खूळ त्यांना उगीच लागलं नाही. आधी ते सरळ मार्गानेच गेले होते. काठावर सरकारी पाटी होती, माणसं किती बसवायची ते लिहिलेली. तिला बकरी बांधत. बुडू नये म्हणून घालायची जॅकेटं आली, ती साहेबांसमोर फोटोपुरती घातली आणि मग नावाड्याच्या घरी उशाला गेली. नानाजी तहसिलीत गेले तर तिथले म्हणाले, नाव पाटबंधारे खात्याची. पाटबंधारेवाले म्हणाले, ग्रामपंचायतीची. "पाटीले कोनी भेत नाही," नानाजी मला म्हणाले होते, "मेलेल्यायले भेतेत."

मी घरातली कॉलेजात जाणारी पहिलीच. परीक्षेच्या दिवशी उशीर झाला, तेव्हा फक्त तीच फळी रिकामी होती. मी रडकुंडीला आले. "नानाजी, माहा पेपर हाये!"

"तुले पेपर हाये, त्यायले घरी जायचं हाये." असं म्हणून ते स्वतः उतरले आणि मला आपल्या जागेवर बसवलं. त्या दिवशी वारा अजिबात नव्हता. मध्यावर आलो आणि माझ्या शेजारची ती फळी करकरली, कुणी अंग सावरून बसावं तशी. नावाड्याने वल्हं थोडं जपून मारलं. पेपरात मी काय लिहिलं ते मला आठवत नाही.

या हिवाळ्यात मात्र खरीच तपासणी सुरू झाली. बाई अधिकारी न सांगता येतात. नावेवर माणसांची मर्यादा रंगवली आहे, आणि जॅकेटांशिवाय नाव निघाली म्हणून एकदा त्यांनी ती काठालाच साखळीने बांधून ठेवली. नावाडी आता चुकूनही मर्यादा मोडत नाही. बाई नानाजींना म्हणाल्या, "बाबा, दुपट्टा उचला आता. ही जागा धरूनच मर्यादा ठरवली आहे."

"बरोबर हाये बाई. हेच तं मांगत होतो मी," नानाजी म्हणाले. पण दुपट्टा उचलायला त्यांना बराच वेळ लागला.

नाव निघाली. सगळ्यांच्या अंगात नारिंगी जॅकेटं होती, मधल्या फळीवर भाजीवाली ऐसपैस बसली होती. माझ्या पेपराच्या दिवसानंतर नानाजी पहिल्यांदाच काठावर राहिले, मीही त्यांच्याजवळ थांबले.

"वाचतीन आता मानसं," ते म्हणाले. मग पाण्याकडे वळले. "पन पोरी, त्याले आता कुठं बसवू?"

मी त्यांच्या हातातला दुपट्टा घेतला. नाव आतून कोरडी होती, तरी तो जड होता, ओलाचिंब. मी पिळायला गेले तसे ते हळूच म्हणाले, "राहू दे. पिळू नोको."